सौमित्रचे पत्ते कुणी खेळावेत

मी, ऋता चिंतामणी खांबेटे, वय २७, राहणार भोईवाडा, परळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही सांगण्याशिवाय करीत आहे. मी घाबरलेली आहे. परंतु घाबरणे म्हणजे बुद्धी ठिकाणावर नसणे नव्हे, असे डॉक्टरांनी सांगितले असून त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. माझा धाकटा भाऊ सौमित्र चार वर्षांपूर्वी आमच्या जिन्यात कोसळून गेला. तोच दोष माझ्या हृदयात निघाला आहे. त्याचा आधी सापडला नाही, माझा सापडला.

१. राहती खोली आई, श्रीमती मृणालिनी, हिच्या नावावर आहे. तिच्यात माझा हक्क नाही. बँकेतील शिल्लक व भविष्य निर्वाह निधी आईला मिळावा. दोन सोन्याच्या बांगड्या माझी मैत्रीण नूपुर हिला द्याव्यात आणि हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिनेच करावे. तिने 'तू काही मरत नाहीस, गप बस' असे म्हणून होकार दिला आहे. तो मी होकार धरते.

२. रविवारी दुपारी आमच्या मजल्यावरची मुले आमच्या खोलीत पत्ते खेळायला येतात. त्यासाठीचे घडीचे टेबल आणि माझे स्वतःचे सर्व पत्ते शेजारच्या मनूला द्यावेत. ती नऊ वर्षांची आहे, म्हणून ती मोठी होईपर्यंत तिचे आजोबा गणपतकाका यांनी ते सांभाळावेत.

हा खेळ झब्बू किंवा मेंढीकोटासारखा नाही. यात प्रत्येकाने आपल्या साठ्यातून स्वतःचा संच आधी निवडून आणायचा असतो: प्राणी, शस्त्रे, मंत्र यांचे पत्ते. नको असलेले पत्ते दुसऱ्याशी बदलायचे, हवे ते मिळवायचे. बाबा पोर्टात कारकून होते. त्यांनी आम्हा दोघांना पाच-तीन-दोन खेळताना पडलेले पत्ते लक्षात ठेवायला शिकवले. बाबा गेल्यावर सौमित्र हा नवा खेळ घेऊन आला आणि मला शिकवला.

गणपतकाका पहिल्या रविवारी दारात उभे राहून म्हणाले होते, "गो बाय, पोरांका जुगार शिकवतंस?" मी त्यांना बसवून अख्खा डाव दाखवला. शेवटी म्हणाले, "माका कायएक समाजला नाय. पण ह्या पोर एका जाग्यार बसला, ह्या काय कमी?" तेव्हापासून रविवारचा चहा त्यांच्याकडून येतो.

नवीन मुलाला शिकवायचे असल्यास पहिला डाव दोघांनी पत्ते उघडे ठेवून खेळावा. लहान मुलाने केलेली अदलाबदल पुढच्या रविवारपर्यंत कच्ची धरावी, त्याला परत घेता यावी. हरलेल्याने विचारल्याशिवाय त्याचे कुठे चुकले ते सांगू नये. मनूला हे तिसरे जड जाईल.

शिकवताना मी सौमित्रची वाक्ये वापरते. "हातातला भारी पत्ता लगेच टाकायचा नसतो, राजा." मुलींनाही मी राजाच म्हणते, कारण तो म्हणायचा. एकदा आई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण बोललं?"

"मीच."

ती आत गेली, पण त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत.

एकटी असले की मी दोन्ही बाजूंनी खेळते, एकदा माझ्या खुर्चीत, एकदा त्याच्या. त्याच्या खुर्चीतून मला माझा डाव स्पष्ट दिसतो. माझ्या खुर्चीत आले की त्याचा काय विचार होता ते आठवत नाही. बहुतेक वेळा तो जिंकतो. मी लबाडी करीत नाही. हे कलमात बसत नाही, पण कुठेतरी लिहायला हवे होते.

३. सौमित्रचे पत्ते. त्याच्या दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. त्याची कसलीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला. अजितमामा मोठ्याने म्हणाला, "ऋताचं लग्न मी लावून देईन, तू काळजी करू नकोस!" कावळा कठड्यावरून उठून आणखी लांब जाऊन बसला. (अजितमामाला मी काही ठेवत नाही. मी रागावलेली नाही. थोडी आहे.) ऊन चढत गेले. शेवटी आई पुढे झाली. "सोमू, तुझे पत्ते मी कुणाच्या हाताला लागू देणार नाही." कावळा आला.

तेव्हापासून ते पत्ते आईच्या कपाटात आहेत आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत. मला वाटते, कावळ्याला तेव्हा भूक लागली असावी. खात्री नाही, म्हणून मी आईला तसे कधी म्हटले नाही. एवढे खात्रीने सांगते की हरून रडणाऱ्या पोराला स्वतःचा सगळ्यात चांगला पत्ता देऊन टाकणारा मुलगा पत्ते कोंडून ठेवा म्हणणार नाही.

मनूने मला विचारले होते, "ताई, दादा त्या कपाटात आहे ना?"

"पत्ते आहेत."

"तेच म्हटलं मी. मग त्याला खेळायला कधी घेणार?"

परंतु सौमित्र अविवाहित होता, बाबा आधीच गेले होते, आणि त्याने मृत्युपत्र केले नव्हते. त्यामुळे ते पत्ते कायद्याने आईचे आहेत. वकिलांना दोनदा विचारले. जे माझे नाही ते मी मुलांना देऊ शकत नाही. फक्त मागू शकते.

४. काल हा मसुदा आईने वाचला.

"मी शब्द दिलाय त्याला," ती म्हणाली.

"त्याला दिलास की कावळ्याला?"

"तुला तिथे काय दिसलं मला माहीत नाही. मला तो दिसला." मग चष्मा काढून म्हणाली, "आणि तुझ्या वेळी मी काय कबूल करायचं, तेही लिहून ठेव. तेव्हा मला सुचायचं नाही."

म्हणून लिहिते. माझ्या वेळी कावळा शिवला नाही तर आईने एवढेच म्हणावे: "कपाट उघडते, मुलांना खेळायला देते." मागून दिलेल्या शब्दाने आधीचा शब्द सुटेल, असे मी धरून चालते. मी शस्त्रक्रियेतून वाचले तर हे कलम रद्द होईल आणि कपाट बंद राहील. ते मला मान्य आहे. मला दोन्ही हवे आहे, पण मृत्युपत्रात दोन्ही मागता येत नाही.

(येथून पुढे आईचे अक्षर)

कलम चार मला मान्य नाही. असलं काही मी म्हणणार नाही. कपाट ऋता घरी परत आल्यावर उघडेन, तिच्यासमोर. तसं मी आज सोमूच्या फोटोपाशी सांगून आले. तिने यायचं.
मृणालिनी चिंतामणी खांबेटे

(येथून पुढे माझे)

वरील मजकूर या मृत्युपत्राचा भाग नाही. तरी मी तो खोडलेला नाही, व कुणी खोडू नये.

सही: ऋता चिंतामणी खांबेटे

ऋता खांबेटे यांनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, याची त्यांनी आमच्याकडून तीनदा खात्री करून घेतली.

साक्षीदार:
१. शंतनु वसंत दाबके, दादर
२. मेघना दौलत सावंत, माझगाव

स्थळ: भोईवाडा, परळ, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार