मॉलची मोजणी

प्रिय खारूताई,

लहानपणीच्या या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली, ते मोजत बसत नाही. कागद पुढे घेतला आणि पेनातून हेच उतरलं, म्हणून राहू दिलं. तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो पण चालतो. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या थोड्या लांब आहेत, दुमडून घेतो.

हल्ली मी मॉलमध्ये जातो. आधी हसून घे, मग पुढे वाच. पेन्शनची बँक जुन्या बाजारातून उठून मॉलच्या तळमजल्यावर गेली आणि हयातीचा दाखला द्यायला मला तिथे जावंच लागलं. खिडकीतल्या मुलीने यंत्रावर अंगठा टेकवून घेतला आणि म्हणाली, "झालं काका, आता वर्षभर चिंता नाही." मी जिवंत असल्याचं सगळ्यांना पटलं. बाहेर आलो, आणि लक्षात आलं की घरी जायची कसली घाईच नाही. म्हणून समोरच्या बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी काम नसताना गेलो. त्याला आता चार महिने झाले.

माझी खोड तुला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे जागा दिसली की पावलं टाकल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्वेच्या दारापासून पश्चिमेच्या दारापर्यंत चारशे बारा पावलं भरतात, म्हणजे हजार फुटांहून थोडं जास्त. मजले तीन. दुकानं एकशे चौतीस, त्यातली एकोणीस बंद. बंद दुकानांवर हसऱ्या बायकांची मोठाली चित्रं लावून 'लवकरच येत आहोत' असं लिहिलं आहे, आणि आता त्या चित्रांचेही कोपरे सुटायला लागलेत. सरकते जिने आठ, त्यातला पार्किंगकडचा बहुतेक वेळा उभाच असतो. पार्किंग खरोखर वाईट आहे. सगळे खांब एकाच राखाडी रंगाचे, वरची अक्षरं जेमतेम तळहाताएवढी. गाडी हरवलेली माणसं रोज दिसतात. तिथला पहारेकरी, ज्याला सगळे मेजर म्हणतात, त्यांना एकेक करून गाडीपर्यंत पोचवतो आणि वर सांगतो, "साहेब, परवा मी माझी सायकल शोधत होतो." गाणी दिवसभर वाजतात आणि त्यातलं एकही शेवटपर्यंत लावत नाहीत. हे सगळं जसं आहे तसं लिहितोय, गोड करून नाही.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. वरच्या मजल्यावर खाण्याच्या जागी शाळेतल्या चार मुली येतात, एक कोल्ड कॉफी घेतात आणि दोन-दोन तास गणितं सोडवतात. त्यांना कोणी उठवत नाही. मला वाटायचं, अशा ठिकाणी खिसा रिकामा दिसला की हाकलून देत असतील. मी चार महिने काही न घेता बसतो आहे, मला एकदाही कोणी हटकलेलं नाही. संडास आपल्या घरच्यापेक्षा स्वच्छ आहेत. मधल्या चौकावरच्या काचेच्या छपरातून ऊन खाली उतरतं आणि फरशीवरून सरकत जातं. अकराला चपलांच्या दुकानापाशी असतं, एकला पार जिन्याशी. आणि बाकं. मी टेप नेऊन मोजली. उंची अठरा इंच, पाठीला टेकू, दोन्ही बाजूंना हात, तेही पुढे थोडे जास्त आलेले, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रेटा देऊन उठता यावं. आमच्या कचेरीत इतका विचार करून केलेली एकही बसायची जागा नव्हती.

आता तुझ्या आईबद्दल. तुला फोनवर सांगणार होतो, जमलं नाही.

तिथे फरशी पुसणाऱ्या एक मावशी आहेत. महिन्याभरापूर्वी, मी जिन्याजवळच्या बाकावर बसलो असताना, त्या पोछा थांबवून म्हणाल्या, "इथे एक काकू बसायच्या. दर गुरुवारी. सफरचंद कापून आणायच्या, मलाही द्यायच्या. हल्ली दिसत नाहीत." आणि मग वर हात करून म्हणाल्या, "या छपराचा नकाशा त्यांच्या मुलीने काढलाय म्हणे. येईल-जाईल त्याला सांगायच्या." खारूताई, आई मला दर गुरुवारी सांगून जायची की गुडघ्याच्या व्यायामाला जाते. पाच वर्षं जात होती. मी एकदाही विचारलं नाही की इतक्या व्यायामाने गुडघा बरा का होत नाही.

मावशींना मी तेव्हा म्हटलं, "बाहेरगावी गेल्या असतील." का खोटं बोललो, माहीत नाही. तीन आठवडे त्यांच्या समोरून रोज मान खाली घालून गेलो. गेल्या सोमवारी त्यांना थांबवून सांगितलं की ती माझी बायको होती आणि मागच्या वर्षी गेली. त्या हातातला पोछा बादलीला टेकवून माझ्याशेजारी बसल्या. आई गेल्यावर इतके लोक भेटायला आले, तूही दोन आठवडे राहिलीस, आणि आपण दोघं औषधांची बिलं, कपाटाच्या किल्ल्या, पाहुण्यांचा चहा एवढंच बोललो. रडायला मला मॉलमधलं बाकडं लागलं.

मॉलच्या उद्घाटनाचे दोन पास तू पाठवले होतेस. आई नवे कपडे घालून दुपारपासून तयार बसली होती. मी गेलो नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. तिथलं मैदान वाचवायला मी सह्या गोळा केल्या होत्या, आणि माझ्याच मुलीने त्या मैदानावरच्या इमारतीचे नकाशे काढावेत हे मला झेपलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात मी वर्तमानपत्रात ते पत्र लिहिलं. 'माणसांचं गोदाम' म्हणालो. खाली नाव, पत्ता, सगळं दिलं. तुझ्या ऑफिसात ते मोठ्याने वाचलं गेलं, हे मला आईकडून कळलं. तू फक्त एवढंच विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही आत जाऊन पाहिलं का?" पाहिलं नव्हतं. जन्मभर शेताच्या बांधावर उभं न राहता एक कागद भरला नाही, आणि तुझ्या कामाचा निकाल घरात बसून दिला.

म्हणून ही मोजणी केली. त्याच वर्तमानपत्राला नवं पत्र लिहिलं आहे, वर तुला जे सांगितलं तेच, आईचा भाग सोडून. मैदान जायला नको होतं, हे मी आजही म्हणतो आणि त्यातही लिहिलं आहे. पण गोदाम हा शब्द चुकीचा होता, न बघता वापरला होता, आणि तो मी परत घेतो, हे पहिल्याच ओळीत आहे. सहा वर्षांनी ते छापतील की नाही, सांगता येत नाही. सोबत प्रत जोडली आहे. पाठवण्याआधी तू बघावीस. एखादं माप चुकलं असेल तर दुरुस्त कर, नको वाटलं तर पाठवू नका म्हण, मी पाठवणार नाही. पत्रानेच कळवलं पाहिजे असं नाही. फोन केलास तर मीच उचलीन. "थांब, आईला देतो" म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

तुझाच,
बाबा