घाटोळे मास्तरच्या चित्रांचं हळदीकुंकू

शंकर नगर, रायपूर
रथसप्तमी होऊन गेल्यावरचा सोमवार

तीर्थरूप आत्याबाईले रायपूरहून नरेशचा दोन्ही हातांनी नमस्कार. (दोन्ही हात सध्या मोकळेच आहेत. काहून, ते पुढं येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्याचे थेंब वेळेवर टाकता का, का तुमच्या लेकीनं, क्षमाताईनं दिलेली बाटली देवाजवळ ठेवून नुसता नमस्कार करता? लाल गाय व्याली असेल. दिग्रसले थंडी कमी झाली असेल. मी इथं खुशाल आहे. खुशाल म्हणजे ताप नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुमाले अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुमी शेजारणीले ऐकवता, म्हणून पत्र लिहून राहिलो. अक्षर सांभाळून घ्या. नववीतून शाळा सुटली तेव्हापासून हाताले सहीच्या पुढं काम पडलं नाही. आणि मले काही नको आहे, सहज लिहून राहिलो, हे आधीच सांगतो, नाही तर माझं पाकीट पाहूनच तुमी कपाटाची किल्ली लपवाल.

नोकरी आज जाते का उद्या जाते, एवढंच पाहणं बाकी आहे. जावईबापूनं किती जणायच्या विनवण्या करून मले या चित्रांच्या गॅलरीत चिकटवलं ते मी विसरलो नाही. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मी उकडून निघालो, बीरगांवच्या सायकल दुकानात मालकाच्या सायकलीपेक्षा मीच जास्त फिरलो, आणि तुमीच म्हणाल्या होत्या की या पोट्ट्याच्या पायाले चाकं आहेत, याले बसायची नोकरी पाहा. बसायचीच भेटली. दिवे लावायचे, फळ्या पुसायच्या, कोणी चित्राले हात लावला तर "हाथ मत लगाइए" म्हणायचं. आत्याबाई, हे वाक्य मी पाठ करून गेलो होतो, पण म्हणायले कोणी भेटतच नव्हतं. एकदा मीच एका चित्राले हात लावला आणि स्वतःले म्हणून घेतलं.

राजधानी झाल्यापासून या शहराले कला लागते. आधी लागत नव्हती असं नाही, पण आता साहेब लोक आले, त्यायच्या बाया आल्या, आणि संध्याकाळी कुठं जावं हा प्रश्न आला. दिवाळीनंतर दिल्लीचा एक जण आला, त्यानं छताले ओली पोती टांगली. पाणी थेंब-थेंब खाली पडे, ते मी पुसत राहिलो तर म्हणे पुसू नको, हेच आहे. तिसऱ्या दिवशी एक शेठ आत आला, सगळी पोती दाबून पाहिली आणि मले बाजूले घेऊन विचारलं, "भैया, थोक में दोगे क्या, अभी धान खरीदी चालू है." सगळ्या प्रदर्शनात मन लावून पाहणारा तो एकच माणूस. त्यानंतर एक जण आला तो धानाच्या कोंड्यानं भरलेल्या टाक्यात गळ्यापर्यंत बसून डोळे मिटून राहिला. आमचा चौकीदार भैय्यालाल त्याले दर तासाले चहा नेऊन देई. म्हणे, "बेचारा घर में झगड़ा करके आया होगा." उद्घाटनाच्या दिवशी समई लागते, पाहुण्याले शाल-नारळ भेटते, समोसे संपतात, आणि समोशांच्या मागोमाग माणसंही संपतात. मग आठवडाभर मी आणि ट्यूबलाइट.

अशात घाटोळे मास्तर आले. यज्ञेश्वर घाटोळे, रेल्वेच्या शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, आता आपल्या मराठी लोकायच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, दोन खोल्यांत एकटे राहतात. बायको राधाबाई मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात गेली. त्यायची चित्रं वीतभर, जाड पुठ्ठ्यावर, काच नाही, भोवती बोटभर लाकडी पट्टी. सिग्नलची केबिन, रेल्वे कॉलनीतला नळ, हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं. उभ्या जन्मात पहिलं प्रदर्शन. आमच्या भिंतीले खिळा ठोकायची मनाई आहे, म्हणून भिंतीच्या कडेनं कंबरेइतक्या उंच फळ्या लावल्या आणि त्यावर चित्रं ओळीनं उभी केली. शेवटच्या कोपऱ्यात एक जागा रिकामी राहिली. मास्तर घरी जाऊन एक चित्र पिशवीत घालून घेऊन आले. उंबऱ्यात बसून राधाबाई सुपात तांदूळ निवडून राहिली आहे आणि कोण आलं म्हणून मान वर करून पाहते. हे मी विकणार नाही, असं मास्तर दोनदा म्हणे. (घेणारं कोणी समोर नव्हतं, पण म्हणे.) मग ते चित्र त्यायनं थोडं तिरपं करून दरवाज्याकडं तोंड केलं. म्हणे, "तिले चित्रं काय दाखवायची, ती सगळी तिनं पाहिली. बघायले कोण येते ते तिले दिसू दे."

कोणी आलं नाही. मास्तर रोज इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून खुर्चीवर बसत, पाऊल वाजलं की उठत, आणि पाऊल माझं असे. मले चालायचीच लाज वाटायले लागली. त्यायचा एक जुना विद्यार्थी आला, आता मोठा ठेकेदार आहे, त्यानं पाणी मागितलं, भर थंडीत पंखा लावायले सांगितला, घाम सुकल्यावर गेला. त्या दिवशी मास्तर कोपऱ्यातल्या चित्राकडं पाठ करून बसले.

मग मले ती अक्कल सुचली. तुमी तेव्हा डोळे दाखवायले क्षमाताईकडे आल्याच होत्या, तुमच्यासमोरच बोलणं झालं: ताईच्या महिला मंडळाचा हॉल चुन्यानं रंगवणं सुरू, हळदीकुंकू करायचं कुठं? मी म्हटलं आमच्या गॅलरीत करा, जागा झाडलेली आहे, पंखे आहेत, चित्रंही पाहणं होईल. गॅलरी चालवणाऱ्या पूर्णिमा दीदीले वरच्या साहेबाले गर्दीचे फोटो पाठवायचे असतात, ती पटकन हो म्हणे. तात्यापारा, शंकर नगर, कॉलनी, सगळीकडं निरोप गेले. वाणाच्या चहाच्या गाळण्या दुकानदार परस्पर आणून देणार होता.

आता आतलं तुमी पाहिलं आहे, पण बाहेरचं पाहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुमी गेल्या. म्हणून लिहितो. बायायच्या हळदीकुंकवात बाप्यांचं काय काम, म्हणून ताईनं मले, मास्तरले आणि भैय्यालालले बाहेर काढलं. आमी समोरच्या टपरीवर बसलो. बाया रिक्षानं येऊन राहिल्या, स्कुटीवर येऊन राहिल्या, चपलांचा ढीग पायरीवरून खाली आला. मास्तर उभेच. म्हणे, "नरेश, माझ्या चित्रायले एवढे लोक." चहा हातातच थंड झाला. बाहेर पडणारी एकेक बाई हसत होती, पिशवी छातीशी धरून होती, आणि मास्तर एकेकीले नमस्कार करत होते. एक म्हातारी थांबून म्हणे, "फार सुंदर आहे हो, सांभाळून ठेवीन." मास्तर म्हणे, पाहा, मनात सांभाळून ठेवणार आहे. आत्याबाई, मी आजपर्यंत कोणत्या माणसाले इतकं खुश पाहिलं नाही, आणि त्याची चित्रं त्याच्या नाकासमोरून एकेक करून निघून जात होती.

झालं ते असं. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ भेटला, गाळण्यावाल्याचा पत्ता नाही. आणि समोर फळीवर एका मापाच्या, एका उंचीच्या वस्तू ओळीनं मांडलेल्या. हळदीकुंकवाले वाण काय आहे हे कोणी विचारत नाही. विचारणं बरंही दिसत नाही. पहिलीनं एक उचलून पदराखाली घेतलं, दुसरीनं तिचं पाहून. ताई दारात गुलाबपाणी शिंपडत होती, आधी तिले वाटलं बाया चित्रं जवळून पाहून राहिल्या. पूर्णिमा दीदी इथलीच छत्तीसगढी, तिले आपला रिवाज ठाऊक नाही. तिच्या हातात कोणीतरी एक चित्र ठेवलं, तिनं ते कपाळाले लावून पर्समध्ये टाकलं. गाळण्यावाला दिवे लागल्यावर आला. तोवर फळ्यांवर तिळाचे चार दाणे आणि हळदीची बोटं, बस.

मास्तर आत आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळ्यांवरून हात फिरवत गेले. कोपऱ्यात थांबले. "तीही गेली?" एवढंच. मग खुर्चीवर बसून बूट घातले, खरं तर घातलेलेच होते, लेसा सोडून परत बांधल्या.

त्यानंतर मी सायकल घेऊन दारोदार फिरून राहिलो. वाण परत मागायले आलेला माणूस तात्यापाऱ्यानं पहिल्यांदा पाहिला. एक बाई म्हणे, "काहून रे, सवाष्णीचं वाण कोणी परत घेते का? तुह्या आईनं शिकवलं नाही?" आई लहानपणीच गेली म्हटलं तर तिनं मले जेवू घातलं, पण चित्र दिलं नाही. एकीनं सिग्नलची केबिन देवघरात ठेवून तिले कुंकू लावलं होतं. तिच्या पोट्ट्यानं दरवाज्यातूनच सांगितलं, "भैया, मम्मी बोल रही है, भगवान के पास से नहीं उठाते." एकीनं विरजणावर झाकलं होतं; म्हणे अगदी मापाचं बसते. काही जणींनी तर दुसऱ्या दिवशी आपल्या हळदीकुंकवात तेच पुढं लुटलं, म्हणून चार चित्रं भिलाईले गेली आणि एक, म्हणतात, दुर्गले. चित्र कोणी देत नाही, पण रिकाम्या हातानंही कोणी जाऊ देत नाही. माझ्या खोलीत आता वाट्या, कंगवे, साबणदाण्या आणि एक प्लास्टिकची परडी आहे. पूर्णिमा दीदी मले काढायले निघाली होती, पण काढायचं कारण वरती कळवावं लागते, आणि कारणातलं एक कारण तिच्याच पर्समध्ये आहे. म्हणून ती रोज माझ्याकडं पाहते आणि पर्सची चेन लावून घेते.

मास्तर मात्र घरातून निघत नाहीत. मी संध्याकाळी जाऊन त्यायच्यापाशी बसतो. वाट्या दाखवल्या तर हसले. म्हणे, चित्रं गेली ते एका परी ठीक झालं, घरोघर लागली, मी मेल्यावर भंगारवाल्याकडंच गेली असती. मग उंबऱ्याकडं पाहत राहिले. उंबऱ्यात कोणी नव्हतं. मीही तिकडंच पाहिलं. स्टोव्हवर भात लागल्याचा वास आला तेव्हा आमी दोघं उठलो.

बाकी सर्व ठीक. क्षमाताईनं तुमाले नमस्कार सांगितला आहे, ती माझ्याशी बोलत नाही म्हणून जावईबापूमार्फत सांगितला आहे. प्रकृतीले जपा.

तुमचा, पायाले चाकं असलेला,
नरेश

ता. क. मले काही नको असं वर लिहिलं ते खोटं आहे. इतकी पानं मी तिथपर्यंत यायचं टाळून राहिलो. राधाबाईचं चित्र तात्यापाऱ्यात कोणाकडंच नाही. काल ताई शेवटी तेवढ्यापुरती बोलली. म्हणे, "बाबा गेल्यापासून आईले कोणी कुंकवाले बोलवत नाही. त्या दिवशी मी हट्टानं नेलं, पण बायायनं तिले नुसता तिळगूळ दिला आणि पुढं गेल्या, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. निघताना तिनं बाजूच्या फळीवरचं एक उचलून पिशवीत टाकलं ते मी पाहिलं पण अडवलं नाही, किती वर्षांनी तिच्या हातात वाण पडलं होतं." आत्याबाई, तुमी काही चुकीचं केलं नाही. पण ते मास्तरचं विकायचं नव्हतं. साड्यांमध्ये गुंडाळून, घट्ट बांधून पाठवाल का? बदल्यात माझ्याकडच्या सगळ्या वाट्या तुमच्या.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी मास्तरले पत्र वाचून दाखवलं, कारण आपल्याविषयी काय लिहिलं ते ऐकल्याशिवाय ते मले तिकीट देईनात. ऐकून झाल्यावर तिकीट हातातच धरून ठेवलं. मग विचारलं, "बाईनं स्वतः उचललं?" म्हटलं हव. "एवढ्या सगळ्यांतून तेच?" म्हटलं हव. म्हणे, वर चित्र परत मागितलं आहे ते खोडून टाक. मी पेन घेतला, पण खोडलेलं तुमी उजेडासमोर धरून वाचता हे मले लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तसंच ठेवलं. वाचलं नाही असं समजा. त्याऐवजी मास्तरनं एवढंच विचारायले सांगितलं आहे की तुमी ते घरात कुठं ठेवलं आहे, आणि तिथून येणारं-जाणारं माणूस दिसते का. दिसत नसेल तर जागा बदला. पाठवू नका.