डाव्या खांद्यावरचे एक बोट

आप्पा, तुमच्याविषयी मला एक संशय आला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाल्यावर तो यावा हे बरे नाही, पण आला आहे. तो कुठून सुरू झाला ते आधी क्रमाने सांगते. तुम्हालाही कुठलीही गोष्ट मधूनच सांगितलेली चालत नसे.

सणसवाडीच्या आपल्या कारखान्यात प्रवेशाच्या भिंतीवर तुमचा मोठा फोटो लागणार आहे आणि त्याखाली ‘संस्थापकांविषयी अपरिचित गोष्टी’ अशा मथळ्याचा मजकूर. तो लिहिण्याचे काम धाकट्या भावाने माझ्यावर सोपवले. आयुष्यभर मुलींना कपड्यांचे आरेखन शिकवले, म्हणजे हे मला सहज जमेल असा त्याचा हिशेब. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मलाही पाठ होती. शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तो कमरेला आवळतो आणि त्याची बटणे तुटतात. तुम्ही शिरूरच्या आठवडी बाजारात हे पाहिले आणि साडीवर घालायचा खास बायकांचा कामाचा शर्ट पहिल्यांदा तुम्ही बेतला. त्या एका शर्टावर कंपनी उभी राहिली. पण मी मुलींना नेहमी सांगत आले की कपड्याची गोष्ट सांगताना आधी त्याचा कागद, म्हणजे तो ज्यावरून कापतात तो नमुना, पाहावा. म्हणून तो पहिला खाकी कागद मी कपाटातून काढून टेबलावर पसरला, आणि तिथेच अडखळले.

शिंपी पाठीचा कागद अर्धाच बेततो. कापड दुहेरी घडी करून त्यावर तो ठेवतो, कापतो आणि घडी उलगडतो. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. तुम्ही दौंडला रेल्वेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात हेच शिकलात आणि मलाही पहिल्यांदा हेच शिकवलेत. या शर्टाचा पाठीचा कागद मात्र अखंड आहे, आणि त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बरोबर एक बोट रुंद आहे. कारण उघड आहे. पदर डाव्या खांद्यावरून जातो, त्यावर शर्ट चढतो, म्हणून त्या खांद्यावर कापडाची जाडी जास्त असते. खिसा आतल्या अंगाला आहे आणि त्याचे तोंड आडवे आहे, म्हणजे वाकल्यावर आतले काही सांडत नाही. बाजूच्या चिरा नेमक्या तिथे सुरू होतात जिथे उकिडवे बसल्यावर निऱ्या फुगतात. किती सुंदर विचार आहे हा! पण आप्पा, बाजारात बायका उभ्या असतात. उभ्या बाईकडे पाहून यातले काहीच कळत नाही.

मग मला तो दिवस आठवला. मी पुण्याहून पदविका घेऊन आले आहे, कारखाना अजून शिरूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, आणि मी मोठ्या उत्साहाने तोच कागद मधोमध दुमडते. डावा खांदा बाहेर येतो. ही अडाणी कारागिराची चूक असणार असे समजून मी कात्री उचलते, तेवढ्यात तुम्ही माझे मनगट धरता. “तू शिकलीस ते कापडाचं. हे अंगाचं हाय. ह्याला हात लावायचा न्हाई.” मी विचारले, असे का? बटणाच्या एका काजावर अर्धा तास बोलू शकणारे तुम्ही तेव्हा फक्त म्हणालात, “तसंच असतं त्ये.” तेव्हा मला ती शिस्त वाटली. आता वाटते की तुम्हाला उत्तर ठाऊक होते, ते तुमचे नव्हते एवढेच.

संशय आला की माणूस नीट पाहू लागतो. तुम्ही प्रत्येक कागदावर इंचांचे आकडे लिहीत होता. या कागदावर एकही आकडा नाही. आहेत त्या बोटांनी मोजून केलेल्या बारीक रेघा, चार-चारच्या गटात. मी माझी चार बोटे ठेवून पाहिली, ती जास्त भरली. तुमची बोटे तर माझ्याहून जाड होती. तुमचे अक्षर फक्त एका कोपऱ्यात आहे, कंपनीच्या नावाचे, आणि त्याची शाई कागदापेक्षा बरीच नवी दिसते. दोन आठवडे मी ‘चोरी’ हा शब्द मनात बाळगून हिंडले. कुणा कामगार बाईचा असेल का? तिला घालवले असेल का? धाकट्याला सांगितले तर तो हसला. “ताई, भिंतीला चार ओळी पायजेत, पंचनामा न्हाई.”

आईचा विचार माझ्या मनात शेवटी आला, हे मी लपवत नाही. आईने मशीनला कधी हात लावल्याचे मला आठवत नाही. शर्टाचे तुटलेले बटणसुद्धा ती तुमच्यापुढे ठेवायची. तिला शिवण येत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तरीही गेल्या रविवारी मी कागद घेऊन शिरूरला गेले. आई ओट्याजवळ खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी कागद तिच्या मांडीवर पसरला आणि तिचा हात हातात घेतला. “काय गं, मास्तरीण, म्हातारपणी परीक्षा घेती का माजी?” ती म्हणाली. मी तिची चार बोटे रेघांच्या पहिल्या गटावर टेकवली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळी जुळली. शिवण येत नव्हते ना तुला, असे मी विचारले, तेव्हा ती माझ्याकडे एखाद्या मंद विद्यार्थिनीकडे पाहावे तशी पाहू लागली. “मशीन येत न्हवतं. कागुद कापाया मशीन कशाला लागतंय?”

मग तिने सांगितले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ऐकले ते पहिल्यांदा. तुम्ही दौंडला काम शिकत होता आणि वरवंडला एक खोली घेऊन दोघे राहत होता. तुम्हाला शिकाऊ म्हणून हातात फारसे काही मिळत नव्हते, म्हणून आई तिथल्या लोकांच्या रानात कांदा खुरपायला आणि काढायला जायची. तुमचा जुना शर्ट साडीवर घालून. तो कुठे टोचतो, कुठे ओढतो, हे तिला दिवसभर वाकून कळत होते, आणि रोज संध्याकाळी ती तुमच्या खाकी कागदावर बोटे ठेवून ते दुरुस्त करत होती. केंदूरला, आपल्या भावकीत, यातले काहीच कळू दिलेले नव्हते. जमीनदार घरातला मुलगा शिंपीकाम करतो हेच त्यांना पुष्कळ झाले होते. त्याची बायको दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाते हे कोण सांगणार?

“भाकरी खाताना कागुद दाखवला,” आई म्हणाली. “लई येळ बघत बसले. मंग म्हणले, हे कुणाला सांगू नगंस. मला वाटलं, रानात जाती त्ये सांगू नगं म्हणत्यात. पुढं कळलं, दोन्ही, कागदाचं बी.”

ती चिडून बोलत नव्हती. मेथीची काडी मोडावी इतक्या सहज तिने ते सांगितले. मला मात्र तुमच्यावर राग धरायची घाई झाली होती, आणि तो धरायलाही तिने मोकळीक दिली नाही. ती म्हणाली, “त्यांनी कवा ‘मी केलं’ असं म्हणलं न्हाई. लोकं म्हणायची, आन् हे गप ऱ्हायचे. घरी आलं की दोन दिस माज्याकडं बघायचे न्हाईत.” म्हणजे बाजाराची गोष्ट तुम्ही रचली नव्हती, ती रचू दिली होती. या दोहोंत फरक आहे का, याचा मी अजून विचार करते आहे. एखाद्या दिवशी आहे असे वाटते.

धाकटा दारात उभा राहून हे ऐकत होता. कागदाचे श्रेय आईला द्यायला त्याची हरकत नव्हती. उलट भिंतीवर ते शोभून दिसेल असे तो म्हणाला. रानातल्या मजुरीचा उल्लेख मात्र नको. “भावकी पैलं तेवढंच वाचंल, ताई.” मला वाटले, आईही तेच म्हणेल. इतकी वर्षे तिने हे पोटात ठेवले ते लाजेपायीच, अशी माझी खात्री होती. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“वाचू दे की,” ती म्हणाली. “वरवंडाला हुतो तवा भावकीनं भाकरी धाडली व्हती का? लिव्हायचं तर रानाचं बी लिव्ह. नुसतं कागदाचं लिव्हलंस तर लोकं इचारतील, हिला कसं ठावं.”

साठ वर्षांच्या माझ्या आयुष्यात पुराव्याविषयी याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

मजकूर मी तिथेच, तिच्यासमोर बसून लिहिला. धाकटा कुरकुरला, पण आईपुढे त्याचे चालले नाही. उद्या मजकूर छपाईला जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा एक गोष्ट इथे सांगून टाकते. पहिल्या खर्ड्यात मी असे लिहिले होते की हा शर्ट आप्पांनी आईच्या मदतीने बेतला. ‘मदतीने’ हा शब्द भावकीसाठी नव्हता आणि धाकट्यासाठीही नव्हता. तो मी तुमच्यासाठी घातला होता. वाचून दाखवताना मी त्या ओळीवर आले. मी पेन उचलले आणि शब्द खोडण्याआधी थोडी थांबले, आई ‘राहू दे’ म्हणेल या आशेने.

तिने मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली, आणि मी ओळ बदलली: हा शर्ट आईने बेतला.