पेशीला लोटलेलं दार नसतं

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या उभ्यानेच, गोड मानून घ्यावा). तुमचा खोकला थांबला असेल असं धरून चालते.

तुमच्या भाचीकडे चार दिवस राहून परवा परतले. चारातले साडेतीन ती प्रयोगशाळेतच, म्हणून शेवटी मीच तिथे गेले. (उगाच फिरणारा एक पंखा बंद केला. तो यंत्राचा निघाला.) तिचं सगळं काम पेशीच्या अंगावरच्या दारांचं. काचेची केसाहून बारीक नळी पेशीला चिकटवायची आणि एकाच दारावर तासन्‌तास नजर ठेवायची. ते उघडलं की पडद्यावरची रेघ उडी मारते, मिटलं की खाली येते. म्हटलं, आपल्यासारखं नुसतं लोटून नाही का ठेवत? तर म्हणे, "आई, उघडं नाहीतर बंद. लोटलेलं नसतं." हे दार पोटॅशियमचं. त्याच्याहून लहान ते सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलं, ते मात्र बाहेरच. मोठं शिरतं आणि लहान अडतं, हे काही मॅट्रिकच्या शास्त्रात नव्हतं. मग तिनेच समजावलं. दोघंही अंगाभोवती पाणी लपेटून येतात आणि चिंचोळ्या जागी ते उतरवावं लागतं. पोटॅशियमला दार चहूबाजूंनी पाण्यासारखंच धरतं, म्हणून ते निर्धास्तपणे उतरवतं. लहानग्याला तिथे नीट धरणारं कुणी नसतं, मग तो पाणी सोडत नाही आणि दाराशीच राहतो. वन्सं, इतकं सलग ती माझ्याशी शाळेत होती तेव्हापासून बोललेली नाही. देवाची करणी आणि लेकीचा आवाज, दोन्ही एकदम. मला भरून आलं आणि हात जोडून मी समोरच्या टेबलावर डोकं टेकलं. ते टेबल हवेवर तरंगणारं, मुद्दाम, धक्का लागू नये म्हणून. नळी निसटली. सकाळपासून धरून ठेवलेली पेशी गेली.

रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे. पुढच्या वेळी खुर्चीत बस," एवढंच म्हणाली, मला गाडीत बसवलं आणि परत कामाला गेली. पोचल्याचा फोन केला तर "बरं" म्हणाली.

मला काही तिची आठवण वगैरे येत नाही. घर आवरलेलं राहतं.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही तिच्या जवळच राहता. "पुढच्या वेळी" म्हणाली, म्हणजे वेळ तिच्या मनात असणारच. ती तारीख तेवढी काढून घ्या. मी विचारलं म्हणू नका.

पुन्हा ता. क. रागावलेली दिसली तर ते कळवू नका. तारीख कळवा.