संध्याकाळच्या क्लिनिकची कमाई

३ जून
क्लिनिक वाचलं! रुग्णालयाचे संचालक शेवटी नरमले. संध्याकाळच्या क्लिनिकची कमाई पूर्वीसारखीच आमच्या विभागाला — म्हणजे बाळंतपणानंतर चढणाऱ्या रक्तदाबाचा अभ्यास चालू, सुईणींचे वर्ग चालू. अट एकच, पेशंट दुप्पट बघायचे. "संशोधन करा की, डॉक्टर. पण आधी कमवा." मी हो म्हणून बसले.
घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "दुप्पट बघणार कोण?" मी. आणखी कोण.

९ जून
गर्दी. बाई खुर्चीत टेकते न टेकते तोच पुढचीला हाक.

१४ जून
काउंटरवर माणूस पुरत नाही, म्हणून संचालकांनी परस्पर आमच्या सिस्टरना तिथं बसवलं. अभ्यासातल्या बाळंतिणी घरी गेल्या की त्यांना रोज फोन करायचा — डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का — हे काम सिस्टरांचं. मी म्हटलं, थोडे दिवस सांभाळून घ्या. "आणि फोन?" म्हणाल्या. बघू, म्हटलं.

१६ जून
बघायला वेळ झाला नाही.

२१ जून
अभ्यासातलीच एक. बस कंडक्टर होती. पहिलटकरीण. दिवस भरत आले तरी ड्युटी सोडली नव्हती — "गर्दीत एरवी कोण वाट देतं मला? आता सगळे देतात," असं सांगून हसवायची आम्हाला. मुलगी झाली, ठणठणीत घरी गेली. काल फिट आली. इथं आणेपर्यंत संपलं होतं.
तिची आई बाहेर बाकावर, मांडीवर बाळ. भांडली नाही. म्हणाली, "डोकं फार दुखत होतं तिचं. मी म्हटलं चल, दवाखान्यात जाऊ. तर म्हणे थांब, त्यांचा फोन येईल, त्यांनाच विचारू. का नाही आला हो फोन?"
काय सांगू? माणसं कमी होती म्हणू? मी बाकाजवळ उभी होते. बाळ रडायला लागलं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, जरा सरकली, आणि मला म्हणाली, "बसा."

२२ जून
संचालक म्हणाले, वाईट झालं. मग — "पण कमाई उत्तम आहे. अभ्यास बिनघोर चालेल." कशाचा अभ्यास, म्हटलं, अभ्यासातली बाईच गेली. "भावनेच्या भरात बोलू नका."
सिस्टर दाराशी होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

२३ जून
क्लिनिकला कुलूप लावलं. ताटकळलेल्या बायकांना सकाळच्या ओपीडीत यायला सांगितलं, बोलणी खाल्ली. संचालकांनी सांगून टाकलं, पैसा बंद. अभ्यास बंद, वर्ग बंद. सुईणींना मीच कळवलं. एक म्हणाली, "अर्धवटच राहिलं की आमचं." राहिलं खरं.
मग सिस्टर नि मी राहिलेल्या बाळंतिणींना फोन लावत बसलो.

२४ जून
दुपारी एकीनं फोन उचलला. "बरं झालं केलात. सकाळपासून धड दिसत नाहीये मला." गाडी पाठवून आणली. रक्तदाब भलताच चढलेला. संध्याकाळी उतरला. जगेल.
सिस्टरांनी सवयीनं विचारलं, "हिची अभ्यासात नोंद करायची ना?"
मग त्यांनीच अभ्यासाची वही मिटली आणि पुढचा नंबर लावला.