तळ्यातल्या बाहुल्या

३ तारीख, सोमवार

शी! हातांचा वास जातच नाही. साबण झाला, कपड्यांची पावडर झाली. घास तोंडाशी नेला की तळंच तोंडात आल्यासारखं वाटतं.

बागेत काम मिळालं म्हणून केवढा खूश झालो होतो! झाडांना पाणी घालू, पानं गोळा करू. मुकादमानं पहिल्याच दिवशी मांडीपर्यंतचे रबरी बूट दिले, जाळी दिली. ‘उतर. बाहुल्या काढ.’

म्हणे या तळ्यात एक बाई बुडाली. पोटुशी होती. आता तिला दुसरीचं बाळ बघवत नाही. म्हणून ज्यांच्या घरी मूल व्हायचंय ते येऊन पाण्यात बाहुली सोडतात. ही तुला घे, आमचं राहू दे. मग त्या बाहुल्या कुजतात, आणि काढायच्या मी. केस बोटांना गुंडाळतात. आज एकीच्या पोटातून किडे निघाले. तिथेच ओकलो. काठावरचे लोक मोबाईल धरून उभे — भूत नाही तर नाही, ओकणारा तरी मिळाला!

४ तारीख

खोलीतला जाड्या म्हणाला, ‘तू आणि तुझे बूट, दोघंही बाहेर झोपा.’

६ तारीख, गुरुवार

आईचा फोन. ‘बागेत आहेस, हवा तरी चांगली असेल.’ हो म्हटलं. आख्ख्या गल्लीत सांगून बसलीय, पोरगा बागेच्या ऑफिसात आहे. ऑफिस!

ताईला सातवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून या वेळी आईनं तिला घरी आणून ठेवलंय. पलंगावरून पाय खाली टाकू देत नाही. ताई म्हणाली, ‘मामा होणारेस, आता तरी माणसासारखा राहा.’ पण बोलत होती एवढं हळू, जणू जोरात बोललं तर काहीतरी निसटेल.

९ तारीख, रविवार

मला वाटायचं, काढलेल्या बाहुल्या कचऱ्यात जातात. कचऱ्यात कसल्या!

पंपाच्या खोलीमागे मुकादमाचा मेहुणा बसतो. बादलीत बुडवतो, ब्रशनं घासतो, केस विंचरतो, नवा फ्रॉक चढवतो. प्लॅस्टिकची पिशवी घातली की माल तयार. फाटकाजवळ त्याचंच दुकान. आज तिथे ती किडेवाली बघितली. कान कुरतडलेला, लगेच ओळखली. एका बाईनं घेतली. पोट पुढे, पाय सुजलेले, नवरा छत्री धरून. पाण्यात सोडायच्या आधी तिनं बाहुलीचा मुका घेतला. तोंडावर! मी माझंच तोंड पुसलं.

मुकादमाला विचारलं. तो खो खो हसला. ‘अरे, कोणी बुडालं नाही! विटांसाठी माती काढलेला खड्डा हा. यात बदक बुडायचं नाही, बाई कुठली बुडतेय? मेहुण्याची खेळणी खपेनात, म्हणून मी बसल्या बसल्या एक बाई बुडवली.’ हसता हसता त्याला ठसका लागला. ‘तोंड काय पाडतोस? हस की!’

हसलो. त्या हसण्याचीच जास्त किळस येतेय.

११ तारीख

दोन ठिकाणी कामाचं विचारलं. माणूस नको म्हणतात.

१४ तारीख, शुक्रवार

मी पाण्यात, काठावर एक जोडपं. बाई रडत होती. नवऱ्यानं विचारलं, ‘दादा, घेते का हो ती खरंच?’ माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘खाली नुसता चिखल आहे. घरी जा, हात धुवा.’

बाईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं! ‘तुझ्या घरी कोणी नाही वाटतं.’

१७ तारीख, सोमवार

ताईला दवाखान्यात नेलंय. कळा सुरू झाल्या, आत्ताच! डॉक्टर म्हणतात थांबवायला बघतो.

आई फोनवर. ‘ऐक ना. शेजारणीनं मोबाईलवर दाखवलं. तुझ्या तिथे ते तळं आहे म्हणे… ताईच्या नावानं एक सोड रे.’

मी ओरडलोच. ‘खोटं आहे सगळं, आई! मुकादमानं रचलंय. त्या सडक्या बाहुल्या मीच काढतो, रोज! ऑफिस नाही न् काही नाही!’

 

आई म्हणाली, ‘असू दे खोटं. तू सोड.’

१८ तारीख

दुकानावर गेलो. मेहुण्यानं डोळे मोठे केले. ‘तू?’ म्हटलं, धुतलेली नको. खोक्यातली कोरी दे. आईच्या नावानं शपथ घ्यायला लावली त्याला.

तळ्यावर लोक होते. ते गेल्यावर सोडली. काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. नुसतं ताईचं नाव घेतलं. बाहुली लगेच पालथी झाली. बूट नव्हते, तसाच चपलेनिशी उतरलो आणि उताणी केली.

तरी परत परत पालथीच होत होती.

१९ तारीख

अजून फोन नाही.

मुकादमानं जाळी हातात दिली. वाऱ्यानं सगळ्या बाहुल्या एका कोपऱ्यात ढकललेल्या, केस एकमेकींत अडकलेले. सगळ्या पालथ्या. माझी कुठली, कळेना.

जाळी त्याला परत दिली. म्हटलं, ‘ती बाई आज देत नाही म्हणते.’

मुकादम हसला नाही.