आधी शब्द, मग हात

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज तेल लावता का, हे मी गेल्या खेपेला विचारलं होतं. त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं लिहिलंत. असो.

काल कांडीला घेऊन मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेले होते. अडीच वर्षांची झाली आणि शब्द मोजून चार, म्हणून. कान तपासून झाले, ते ठणठणीत आहेत. बाई म्हणाल्या, बोलणं राहू दे, आधी हिला कळतं किती ते बघू. मी ठासून सांगितलं की कळतं सगळं. बूट आण म्हटलं की बूट आणते, दार लाव म्हटलं की दार लावते. तर त्यांनी मला दोन्ही हात पाठीमागे बांधायला लावले. मान हलवायची नाही, बुटांकडे बघायचंसुद्धा नाही, आणि मग म्हणायचं, बूट आण. कांडी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग माझ्या मागे गेली आणि हात तिथे काय करताहेत ते वाकून बघून आली. मला आधी हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू.

बाबा, आपल्या घरात हात न हलवता कुणी कधी बोललंय का? तुम्ही आणि आई मागावर. चाळीस मागांच्या खडखडाटात तोंडाचा काय उपयोग! तीच हातांची भाषा घरी आली. माझं तोंडही अखंड चालायचं, म्हणून तुम्ही मला टकळी नाव ठेवलंत. पण हातही चालायचे, ते माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. आता कांडी तेच करते. बाई तिच्या पेल्यात पाणी ओतत होत्या, पेला भरत आला तशी तिने मूठ उंच केली. बाई गोंधळल्या. धागा तुटला की अशी मूठ वर करायची म्हणजे शेजारचा माणूस माग बंद करतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तुमच्याकडे दहा महिने राहून हे शिकली बरं का तुमची नात.

आता घरचा अभ्यास असा: वाक्य दोनच शब्दांचं. आधी शब्द, मग मनात दहापर्यंत आकडे, आणि तरीही नाही कळलं तर हात. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. मी वरून हसते आहे, पण आतून घाबरले आहे. तुम्ही मार्चात येताय, तेवढाच आधार.

गुडघ्याचं लिहा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
टकळी


१० फेब्रुवारी

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. मी मार्चात येत नाही.

रागावून लिहीत नाही. तू नव्या नोकरीच्या गडबडीत होतीस, म्हणून पोर माझ्याकडे ठेवलीस. मी बहिरटलेला म्हातारा; दिवस दिवस घरात शब्द नाही. तिला पाणी हवं असलं की ती अंगठा दाखवायची, मी मान हलवायचो, आमचं छान चालायचं. मला वाटायचं काय हुशार पोर आहे! तिच्या बोलण्याचं वय माझ्या हातांनी खाल्लं. आता तुम्ही कष्टाने शब्द शिकवणार आणि मी येऊन पुन्हा हातवारे करणार. माझे हात माझं ऐकत नाहीत, हे तुला माहीत आहे.

ती बोलायला लागली की येईन. गुडघा बरा आहे.

तिला माझा पापा दे. हाताने नको, तोंडाने दे.

तुझा,
बाबा


२ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी बाईंकडे गेले. वाचून दाखवलं आणि मलाच बोलणी बसली! असं आजोबांना लिहिलंस कशाला, म्हणाल्या. हातांचा काही गुन्हा नाही. हात बघणारी पोर माणसांकडे बघायला शिकलेली असते, आणि त्यांच्या मते अर्धं काम तिथेच झालं. शब्द उशिरा येण्याला इतर शंभर कारणं असतात. हात काढून घ्यायचे नाहीत, शब्दाच्या मागे उभे करायचे. तेव्हा उगाच सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नका, तुमची ती जुनी खोड आहे.

बातमी अशी, की बूट आण जमलं. पहिले आठ दिवस नुसतं बघणं. नवव्या दिवशी मी कणीक मळत होते, हात बरबटलेले, तिच्याकडे पाठ. म्हटलं, बूट आण. सात आकडे झाले आणि पायाशी धप्पकन बूट पडला. एकच आणला, तोही तिच्या बाबांचा, पण मी त्या बुटाचा मुका घ्यायची बाकी राहिले. आता चेंडू दे, दार लाव, खाली बस हेही कळतं. खाली बस कळतं आणि बसत नाही. बाई म्हणतात, हे फार उत्तम लक्षण आहे. न ऐकायचं तर आधी कळावं लागतं.

एकच अडलंय. सकाळी कामावर जाताना मी रोज म्हणते, परत येते. आणि ती रोज आकांत करते. बूट दाखवता येतो, दार दाखवता येतं. परत येते कुठे दाखवू? त्याच्यामागे उभा करायला हातच नाही. तिला वाटतं मी गेले ती गेलेच. तुमच्याकडून तिला आणलं त्या दिवसापासून तुम्ही तिला दिसला नाहीत, हेही तिच्या मनात असेल. खिडकीतून कुणी काठी टेकत जाताना दिसलं की मूठ वर करते.

एवढं वाचून तरी या. बाकी मी काही लिहीत नाही.

तुमची,
टकळी


९ मार्च

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

एप्रिलच्या पाच तारखेला येतो. शिंप्याकडून सदऱ्याला दोन खोल खिसे शिवून घेतले आहेत. हात त्यातच राहतील.

बाबा


२१ एप्रिल

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. गुडघा दुखतो आहे. लिहिलं, झालं समाधान?

पंधरा दिवस मी खिशात हात घालून वावरलो, त्यावर तू आणि जावयांनी भरपूर हसून घेतलंत. चहाचा कप दे म्हणताना माझी कोपरं उडायची, तेही तू बघितलंस. पण शेवटचं तू बघितलं नाहीस, म्हणून लिहितो.

बसस्थानकावर तू माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेलीस. मी आणि कांडी बाकावर. तू लांबून येताना दिसलीस, तेव्हा मी म्हटलं, आईकडे जा. खिशात हात, मान ताठ. तिने वळून तुझ्याकडे बघितलं, म्हणजे कळलं. मग मान हलवून नाही म्हणाली आणि माझ्या काठीला घट्ट धरून बसली. तुझ्या बाईंचं उत्तम लक्षण!

तेवढ्यात बस सुरू झाली. इंजिन धडधडायला लागलं, मी उठलो. आणि पोरीने बसकडे बघून मूठ उंच केली. माग बंद. अगं, मी तीस वर्षं त्या मुठीला ओ दिली आहे. मूठ वर दिसली की हातातलं टाकून धावायचं, हे अंगात भिनलंय. आणि ही मूठ बघून मला काहीच थांबवता येईना.

हात बाहेर येऊ लागले होते. दाबून धरले. आधी शब्द. मी म्हटलं, परत येतो. आणि मोजायला लागलो. तीनला तिचा ओठ थरथरला. पाचला वाटलं आता रडते. सहाला तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. हातांकडे नाही, टकळे, तोंडाकडे. आणि आठला मूठ हळूहळू खाली आली.

तेव्हा हात खिशातून बाहेर काढले आणि तिला उचलून घेतलं. तू पोचलीस तेव्हा माझे डोळे का ओले होते, ते हे. धुरामुळे नव्हते.

जूनच्या एक तारखेचं तिकीट आजच काढून आलो. तिला शब्द दिलाय, आता गुडघ्याचं कारण सांगून चालणार नाही.

तुझा लोभ कमी पडत नाही, फक्त तेलाची आठवण जरा कमी कर.

तुझा,
बाबा